रेशमावरचं कलम: आत रुजलेली साखळी कुठे बसते आणि किती हलते

एक किलो कच्चं रेशीम साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढलं, की हाती साधारण पाऊण किलो उरतं. गेलेला पाव किलो म्हणजे सेरिसिन, किड्याने कोष विणताना दोन तंतू एकमेकांना चिकटवायला वापरलेला डिंक. तो काढल्याशिवाय रेशमाला झळाळी येत नाही, रंग नीट चढत नाही आणि कापड हाताला खरखरीत लागतं. पण रेशीम विकलं जातं वजनावर. त्यामुळे ही पाव किलोची तूट रेशमाच्या व्यापाराला पहिल्यापासून सलत आली आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात तिच्यावर एक उपाय रूढ झाला. डिंक काढलेलं रेशीम कथिलाच्या क्षारांच्या द्रावणात बुडवायचं. कथील तंतूत शिरून बसतं, तूट भरून निघते, वजन मूळ वजनाच्याही वर नेता येतं आणि कापड अंगावर भारदस्त पडतं. त्या काळातले रेशमी झगे आज युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना नुसत्या ठेवल्या जागी चिरा पडत चालल्या आहेत. आत भरलेले धातूचे क्षार आणि प्रकाश मिळून रेशमाच्या साखळ्या तोडतात. वजन मिळालं, आयुष्य गेलं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपान आणि इटलीतल्या रेशीम उद्योगाने दुसरी वाट धरली. धातू भरण्याऐवजी तंतूच्या आतच कृत्रिम पॉलिमरची साखळी वाढवायची. यासाठी सर्वांत जास्त वापरलं गेलेलं रसायन म्हणजे मेथाक्रिलअमाइड. या क्रियेला रसायनशास्त्रात ग्राफ्टिंग असं जे नाव आहे त्याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे: कलम. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी जोडतात तेव्हा ती नुसती दोरीने बांधून भागत नाही. खुंट आणि काडी आतून जुळली तरच त्याला कलम म्हणायचं. रेशमाचंही तेच. कृत्रिम साखळी तंतूत नुसती अडकलेली असेल तर ती धुण्यात निघून जाईल. ती रेशमाच्या रेणूशी रासायनिक बंधाने जोडलेली असली पाहिजे.

हे कलम लावणं त्यामानाने सोपं आहे. पण ते लागल्यावर आत नेमकं काय झालं, नवी साखळी रेशमात कुठे बसली आणि तिथे ती ताठ उभी आहे की वळवळते आहे, हे शोधून काढण्यात संशोधकांचा खरा कस लागला. मला या विषयाची ओढ आहे ती याच भागामुळे.

रेशीम आतून कसं असतं

तुतीच्या रेशमाचा गाभा म्हणजे फायब्रोइन हे प्रथिन. त्याची मोठी साखळी पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांची असते, पण त्या लांबलचक माळेत मणी फारच थोड्या प्रकारचे. ग्लायसीन निम्म्याच्या जवळपास, अ‍ॅलानीन साधारण ३० टक्के, सेरीन १२ टक्क्यांच्या आसपास, टायरोसीन सुमारे ५ टक्के. त्यातही ग्लायसीन-अ‍ॅलानीन-ग्लायसीन-अ‍ॅलानीन-ग्लायसीन-सेरीन अशी सहा मण्यांची एक ओळ पुन्हा पुन्हा येते, ओवीतल्या पालुपदासारखी.

हे मणी आकाराने लहान आणि क्रम ठरलेला. म्हणून अशा साखळ्या शेजारी शेजारी आल्या की एकमेकींना चिकटून सपाट थर करतात आणि थरावर थर चढतात. १९५५ मध्ये मार्श, कोरी आणि लायनस पॉलिंग यांनी या रचनेचा आराखडा मांडला. त्यानुसार दोन थरांमधलं अंतर आलटून पालटून सुमारे ०.३५ आणि ०.५७ नॅनोमीटर असतं. ग्लायसीनच्या बाजू समोरासमोर आल्या तर कमी, अ‍ॅलानीनच्या आल्या तर जास्त. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, त्यावरून ही फट केवढी चिंचोळी आहे ते लक्षात यावं. या घट्ट रचलेल्या भागांना स्फटिकी भाग म्हणतात. रेशमाची मजबुती त्यांच्यातून येते.

पण सगळं रेशीम असं रचलेलं नसतं. पालुपदाच्या मधे मधे वेगळे, मोठे मणी येतात, तिथे साखळी वळते, गुंतते, सैल पडते. हे अस्फटिकी भाग. रेशीम ताणलं तर थोडं लांबतं, पाणी पितं, रंग धरतं, ते यांच्यामुळे. घट्ट विटा आणि त्यांना जोडणारा मऊ गारा असं चित्र डोळ्यांपुढे आणायला हरकत नाही, फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवून: इथे एकच साखळी एका विटेतून निघते, गाऱ्यातून जाते आणि पुढच्या विटेत शिरते.

कलम लावणं

डिंक काढलेलं रेशीम पाण्यात घ्यायचं, त्यात अमोनियम परसल्फेटसारखं एखादं रसायन आणि मेथाक्रिलअमाइड घालायचं आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं. परसल्फेट तापलं की फुटतं आणि त्याचे अतिशय उतावळे तुकडे तयार होतात. त्यांना रसायनशास्त्रात मुक्त मूलक म्हणतात. एखादा मूलक रेशमाच्या साखळीवरून हायड्रोजनचा अणू हिसकावून घेतो. आता रेशमावरची ती जागा उतावळी होते, जवळचा मेथाक्रिलअमाइडचा रेणू पकडते, मग तो पुढचा पकडतो, पुढचा त्याच्या पुढचा. अशी साखळी वाढत जाते.

शेवटी रेशीम धुऊन, वाळवून वजन करायचं. १०० ग्रॅमचे १३० ग्रॅम झाले तर कलम ३० टक्के लागलं असं म्हणायचं. पण या आकड्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. परसल्फेटचा मूलक रेशमाला सोडून थेट द्रावणातल्या रेणूलाही पकडू शकतो. मग जी साखळी वाढते ती रेशमाशी न जुळता त्याच्या आत नुसती गुरफटून बसते. वजन दोघींचं सारखंच भरतं. म्हणून रेशीम चांगल्या द्रावकात तासन्‌तास धुतात, म्हणजे सुट्या साखळ्या निघून जातील. उलट दिशेनेही तपासता येतं: तीव्र आम्लाने रेशमाचं प्रथिन विरघळवून टाकायचं आणि मागे राहिलेल्या कृत्रिम साखळीची लांबी मोजायची.

मेथाक्रिलअमाइड पाण्याशी सलगी करणारं, त्यामुळे कलम केलेलं रेशीम ओल जास्त धरतं. त्याऐवजी स्टायरीन किंवा मिथाइल मेथाक्रिलेट वापरलं, तर रेशीम पाण्याला जरा दूर ठेवतं. हेमा नावाचं रसायन यांच्याहून वेगळं आहे. त्यापासून होणारा पॉलिमर अनेकांच्या डोळ्यांत रोज असतो, कारण मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्याच्याच केल्या गेल्या. प्रागच्या ओट्टो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या मेर्कुर नावाच्या जोडणीच्या खेळण्यातून घरीच यंत्र बनवून अशा लेन्स घडवल्या होत्या. हाच पॉलिमर रेशमात रुजवला की तिथेही तो पाणी पिऊन मऊ होऊ शकतो.

कुठे बसलं?

पहिला प्रश्न साधा आहे. वाढलेलं ३० टक्के वजन विटांमध्ये शिरलं की गाऱ्यात?

क्ष-किरण स्फटिकांवरून ठराविक कोनांत परावर्तित होतात आणि त्या कोनांवरून थरांमधली अंतरं कळतात. जपानमधले मासुहिरो त्सुकादा आणि इटलीतले जुलियानो फ्रेद्दी यांनी कलम केलेल्या रेशमावर वर्षानुवर्षं काम केलं. अशा रेशमाचे क्ष-किरण आलेख साध्या रेशमासारखेच दिसतात. थरांमधली अंतरं जिथल्या तिथे. म्हणजे विटांना धक्का लागलेला नाही, नवी साखळी सगळी गाऱ्यात गेली आहे. ०.३५ नॅनोमीटरच्या फटीत मेथाक्रिलअमाइडला शिरकाव नाही, हे यातून दिसलं.

हे उत्तर समाधानकारक आहे, पण अर्धंच. क्ष-किरण पद्धतीला व्यवस्थित रचलेलं तेवढं स्पष्ट दिसतं. गाऱ्यातल्या गुंत्याचं तिला एक अंधुक, पसरट ढेकूळ दिसतं आणि आपल्याला बघायचं आहे ते नेमकं त्या गुंत्यात. तिथे नवी साखळी रेशमाच्या साखळीत मिसळून गेली आहे की तिने स्वतःची वेगळी बेटं केली आहेत? ती गोठलेली आहे की हलती? रेशमाचा सैल भाग तिच्यामुळे आखडला की आणखी सैल झाला? सुरकुत्या पडतील की नाही, कापड कसं झुळझुळेल, हे ठरतं या प्रश्नांच्या उत्तरांवर. दोन पॉलिमर एकाच जागी बसलेले असले तरी एक काचेसारखा ताठ आणि दुसरा रबरासारखा लवचीक असू शकतो. म्हणून मला वाटतं, अशा रेशमाची रचना सांगून थांबणारं वर्णन वापरणाऱ्याच्या फारसं कामाचं नाही. हालचाल सांगितली पाहिजे.

अणूंचा सूर ऐकणं

गुंत्यात डोकावायचं सर्वांत उपयोगी साधन म्हणजे एनएमआर. दवाखान्यातला एमआरआय याच तत्त्वावर चालतो. काही अणूंचे गाभे छोट्या लोहचुंबकांसारखे वागतात. त्यांना फार शक्तिशाली चुंबकात ठेवलं की ते मंदावत्या भोवऱ्यासारखे डोकं गोल फिरवत घुमू लागतात. त्या घुमण्याच्या वेगाला जुळणाऱ्या रेडिओलहरी दिल्या की ते प्रतिसाद देतात. गंमत अशी, की एकाच मूलद्रव्याचे गाभे आजूबाजूला कोण आहे त्यानुसार किंचित वेगळ्या वेगाने घुमतात. जणू प्रत्येक अणूचा सूर त्याच्या शेजाऱ्यांवर ठरतो.

द्रवात हे सूर स्वच्छ ऐकू येतात, कारण रेणू सतत गरगरत असतात आणि शेजाऱ्यांची कुरबुर सरासरीत विरून जाते. घन पदार्थात सगळे जागच्या जागी, त्यामुळे सूर एकमेकांत मिसळून गोंगाट होतो. यावर १९५८ मध्ये वेल्समधल्या बँगोर इथे रेमंड अँड्र्यू आणि सहकाऱ्यांनी उपाय दाखवला. नमुना एका नळीत भरून ती चुंबकाच्या दिशेशी ५४.७ अंशांचा कोन करून प्रचंड वेगाने फिरवायची. आजच्या यंत्रांत ही नळी सेकंदाला हजारो फेरे घेते. या एका कोनात गणित असं जुळतं की गोंगाटाचा मोठा भाग गळून पडतो. म्हणून त्याला जादूचा कोन म्हणतात आणि हे नाव मला अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

रेशमात कार्बनचे सूर ऐकतात. कार्बनच्या शंभर अणूंमागे जेमतेम एक, नेमकं सांगायचं तर १.१ टक्के, एनएमआरला ऐकू येणारा कार्बन-१३ असतो, पण तेवढा पुरतो. अ‍ॅलानीनच्या मिथाइल गटाचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांच्या छोट्या जुडग्याचा, सूर फार बोलका आहे. साखळी थरांत रचलेली असेल तर तो २० पीपीएमच्या (हे सुराची जागा सांगणारं एकक) जवळ वाजतो, किड्याच्या पोटात सूत होण्याआधी असते तशा वळणदार घडणीत असेल तर १६-१७ च्या आसपास. तोक्यो कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठाचे तेत्सुओ असाकुरा यांनी २००१ मध्ये या दुसऱ्या घडणीचा आराखडा मांडला तो मुख्यतः एनएमआरच्या आधारे.

कलम केलेल्या रेशमात मात्र इथे एक अडचण येते. मिथाइल मेथाक्रिलेटच्या साखळीलाही मिथाइल गट असतो आणि त्याचा सूर १६ ते २१ च्या पट्ट्यातच वाजतो, अगदी अ‍ॅलानीनच्या अंगावर. स्टायरीन वापरलं तर त्याच्या वलयाचा सूर १२८ च्या जवळ, आणि रेशमातल्या टायरोसीनचं वलय १२९ च्या आसपास वाजतंच आहे. त्यामुळे साध्या रेशमाचा आलेख वजा करून पाहावा लागतो, किंवा ज्या सुराला रेशमात जोडीदार नाही असा शोधावा लागतो. मिथाइल मेथाक्रिलेटमधल्या ऑक्सिजनला जोडलेल्या कार्बनचा ५२ जवळचा सूर, त्याच्याच दुसऱ्या कार्बनचा १७७ चा. संयमाचं काम आहे.

बातमी किती लांब पोचते

मिसळण की बेटं, हा प्रश्न सोडवायची रीत मला सर्वांत सुंदर वाटते.

रेडिओलहरींनी हायड्रोजनच्या गाभ्यांना उद्दीपित केलं की ते हळूहळू शांत होतात. रेशमातले त्यांच्या गतीने, कृत्रिम साखळीतले त्यांच्या. पण हे गाभे शांत होता होता शेजाऱ्यांशी ऊर्जेची देवाणघेवाण करतात. आळीत एखादी बातमी घरोघर सरकावी तशी ती पसरते. दोन्ही प्रकारचे गाभे अगदी दाटीत राहत असतील तर बातमी सगळीकडे पोचते आणि सगळे एकाच गतीने शांत होतात. वेगवेगळ्या वाड्यांवर राहत असतील तर तिला पोचायला वेळ पुरत नाही आणि दोन गती वेगळ्या दिसतात.

हे मोजायची दोन घड्याळं आहेत. एक मिलिसेकंदांचं. तेवढ्या वेळात बातमी दोन-तीन नॅनोमीटरच जाते. दुसरं सेकंदाच्या आसपासचं, त्यात ती वीस-तीस नॅनोमीटर जाते. आता समजा, पहिल्या घड्याळात रेशीम आणि नवी साखळी वेगळ्या गतीने शांत झाली आणि दुसऱ्यात एकाच गतीने. तर बेटं दोन-तीन नॅनोमीटरपेक्षा मोठी आणि वीस-तीसपेक्षा लहान. कोणताही सूक्ष्मदर्शक न वापरता, नुसतं विझण्याचा वेळ मोजून बेटाचा आकार हाती येतो.

कोण हलतंय, कसं हलतंय

हालचालीसाठी आणखी धारदार साधन आहे: ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. कलम लावतानाच असं रसायन घ्यायचं, की ज्याच्या एका ठराविक गटात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे. मग यंत्राला फक्त तोच गट ऐकू येतो, बाकीचं सगळं रेशीम गप्प.

ड्युटेरियमचा आलेख दोन शिंगांसारखा असतो. कार्बनला जोडलेलं ड्युटेरियम अगदी स्थिर असेल, तर दोन शिंगांमधलं अंतर सुमारे १२५ किलोहर्ट्झ. मिथाइल गट आपल्या आसाभोवती पंख्यासारखा फिरत असेल, तर हे अंतर एक तृतीयांश होतं, चाळीसच्या जवळ. स्टायरीनचं वलय पुस्तकाचं पान उलटावं तसं १८० अंशांत पलटी मारत असेल, तर आकार आणखी निराळा. आणि साखळी सगळ्या दिशांनी मोकळी वळवळत असेल, तर शिंगं गळून मधोमध एकच बारीक सुळका उरतो. म्हणजे आलेखाचा नुसता आकार बघून सांगता येतं, की हा गट उभा आहे, गिरक्या घेतोय, पलट्या मारतोय की पोहतोय.

मिथाइल मेथाक्रिलेटचा पॉलिमर म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती अ‍ॅक्रिलिकची शीट. तो साधारण १०५ अंशांना ताठपणा सोडतो. त्याखाली त्याच्या साखळीचा कणा गोठलेला असतो, पण कण्यावरचे मिथाइल गट तेव्हाही फिरतच असतात. घराच्या भिंती हलत नाहीत, पंखे चालू असतात. रेशमात रुजवल्यावर कण्याचं हे गोठणं कुठल्या तापमानाला सुटतं ते पाहायला तंतू हलक्या लयीत ताणत ताणत तापवतात आणि दिलेल्या ऊर्जेपैकी किती उष्णतेत हरवते ते मोजतात. कोरड्या रेशमाचा स्वतःचा असा बिंदू १७५ अंशांच्या आसपास. नव्या साखळीचा बिंदू वेगळाच, आपल्या मूळ जागी दिसला तर तिने बेटं केली असणार. तो सरकून रेशमाच्या बिंदूकडे गेला तर दोघांची मिसळण झाली असणार. एनएमआरने सांगितलेलं असं दुसऱ्या वाटेने ताडून पाहता येतं.

रेशमाच्या आत नव्हे, फक्त पृष्ठभागावर कलम करायचं असेल तर परसल्फेटची धसमुसळी रीत चालत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मातियाशेव्स्की आणि जपानात सावामोतो यांनी स्वतंत्रपणे अशी पद्धत काढली, की जिच्यात सगळ्या साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या वाढवता येतात. तिची सुरुवात सेरीनसारख्या मण्यांपासून करता येते. साखळ्या विरळ असतील तर प्रत्येक साखळी आपल्या पायाशी अळंबीसारखी गोळा होऊन बसते. दाटी केली तर एकमेकींच्या रेट्याने सरळ उभ्या राहतात, ब्रशच्या केसांसारख्या. शरीरात वापरायच्या रेशमी जाळ्यांसाठी, पेशी चिकटाव्यात की चिकटू नयेत हे ठरवायला, असे ब्रश कामी येऊ शकतात.

आपल्या भंडारा-गडचिरोलीकडच्या ऐन-अर्जुनावर वाढणाऱ्या टसरचं गणित मात्र वेगळं पडेल. त्या फायब्रोइनमध्ये ग्लायसीन-अ‍ॅलानीनचं पालुपद नसून अ‍ॅलानीनच्या सलग ओळी असतात. विटा वेगळ्या, गारा वेगळा. तुतीच्या रेशमावरचे निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

पाणी घातल्यावर

आतापर्यंतचं बरंचसं मोजमाप कोरड्या तंतूवरचं. पण कापड घामात भिजतं, शिवलेला टाका शरीरातल्या ओलीत राहतो. रेशमी कापडाला किंचित ओल असतानाच इस्त्री करतात, कारण ओल शिरली की सैल भागाचा ताठपणा कमी तापमानाला सुटतो. तेव्हा खरी परीक्षा ओल्या रेशमाची.

यासाठी एकाच ओल्या नमुन्याचे एनएमआर आलेख तीन तऱ्हेने घेतात. पहिल्या तऱ्हेत हायड्रोजनकडून कार्बनला उसनी ऊर्जा दिली जाते. ही उसनवारी शेजारी स्थिर असेल तरच जमते, म्हणून इथे ताठ भाग ठळक दिसतो. दुसऱ्यात कार्बनला थेट ऐकतात आणि थोड्या थोड्या वेळाने ऐकतात, त्यामुळे लवकर शांत होणारे हलते भाग पुढे येतात. तिसरी तऱ्हा द्रवांसाठीची, तिच्यात जवळजवळ द्रवासारखं वळवळणारंच उरतं. असाकुरा यांच्या गटाने ओल्या रेशमावर या तिन्ही तऱ्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत.

हेमाच्या साखळ्या रुजवलेलं रेशीम असं तपासायचं तर काय शोधायचं तेही आता सांगता येईल. लेन्समध्ये हा पॉलिमर सुमारे ३८ टक्के पाणी धरतो. रेशमाच्या गाऱ्यातही त्याने तसं पाणी ओढून घेतलं, तर पहिल्या आलेखात त्याचे सूर क्षीण होतील आणि तेच सूर दुसऱ्या आलेखात, कदाचित तिसऱ्यातही, बारीक आणि स्वच्छ उमटतील. त्याच वेळी पहिल्या आलेखात अ‍ॅलानीनचा २० जवळचा सूर न ढळता वाजत असेल, तर विटा जागेवर आहेत आणि त्यांच्या मधल्या गाऱ्यात नवी साखळी पाण्यात पोहते आहे.